थट्टा करणारा भाऊ आणि औषधं बंद करायला लावणारा शिक्षक: कोणाशी सौम्य, कोणाशी कठोर?

आलेला प्रश्न थोडक्यात असा: "माझा धाकटा भाऊ घरात सगळ्यांसमोर माझ्या विश्वासाची थट्टा करतो. मी त्याला चांगलंच सुनावतो. दुसरीकडे आमच्या मंडळीतले, म्हणजे चर्चमधले, एक जुने शिक्षक आजारी माणसांना औषधं बंद करायला सांगतात. विश्वास असेल तर बरे व्हाल, म्हणतात. त्यांच्याबद्दल काही बोललं की सगळे म्हणतात, सौम्यतेने घ्या, प्रार्थना करा, देवाच्या अभिषिक्ताला हात लावू नका. प्रभूने एका गालावर मारलं तर दुसरा पुढे करायला सांगितलं आणि त्यानेच मंदिरात दोऱ्यांचा कोरडाही उचलला. मग आम्ही कधी सौम्य राहायचं आणि कधी कठोर व्हायचं?"

बंधू, प्रश्न मनापासून विचारलात, तर उत्तरही आडपडदा न ठेवता देतो. तुमच्याकडे सौम्यताही आहे आणि कठोरपणाही आहे, पण दोन्हींची अदलाबदल झाली आहे. भावाला सुनावताय आणि शिक्षकांना सांभाळून घेताय. पाळक म्हणून इतकी वर्षं मंडळ्यांमध्ये काम करताना हीच अदलाबदल मी सगळ्यात जास्त पाहिली. बाहेरचा माणूस काही बोलला की आपला आवाज चढतो. आतला वजनदार माणूस दुबळ्यांचं नुकसान करत असला की आपण धीर धरायचा उपदेश करतो.

आता शुभवर्तमानं उघडून प्रभू कोणाशी कसा बोलला ते पाहा. विहिरीवर आलेली शोमरोनी स्त्री, जकातदारांचा मुख्य जक्कय, व्यभिचारात धरून आणलेली स्त्री, रोमी शताधिपती. धर्माच्या दृष्टीने ही सगळी बाहेरची किंवा बदनाम माणसं. त्यांच्याशी तो किती सावकाश बोलतो! शोमरोनी स्त्रीकडे आधी पाणी मागतो, तिच्या पाच नवऱ्यांचा विषय नंतर काढतो, आणि काढतो तेव्हाही तिला खाली पाहायला लावत नाही. पाप लपवत नाही, व्यभिचारात धरलेल्या स्त्रीला "यापुढे पाप करू नकोस" असं म्हणतोच. पण मत्तयाच्या तेविसाव्या अध्यायातले ते भयंकर "हाय हाय" कोणासाठी आहेत? शास्त्री आणि परूशी यांच्यासाठी, म्हणजे ज्यांच्या हातात शास्त्र होतं, ज्यांना लोक गुरुजी म्हणत, ज्यांनी लोकांच्या खांद्यावर जड ओझी लादली आणि स्वतः बोटही लावलं नाही. मार्क सांगतो की हे लोक विधवांची घरं गिळंकृत करत आणि देखाव्यासाठी लांबलचक प्रार्थना करत. प्रभूचा कठोरपणा तिथे पडला. आणि त्याच अध्यायाच्या शेवटी तो यरुशलेमेसाठी कळवळतो, कोंबडी पिल्लांना पंखांखाली घेते तसं तुम्हांला घ्यायची माझी किती इच्छा होती, म्हणतो. तेही विसरू नका.

प्रेषित पौलाचंही तसंच. करिंथकरांना लिहिताना तो सरळ विचारतो की बाहेरच्यांचा न्याय करणं माझ्याकडे कुठे आहे? आतल्यांचा न्याय तुम्ही करायचा. अथेनैमध्ये मूर्तींनी भरलेलं शहर पाहून त्याचा आत्मा खवळला, असं प्रेषितांची कृत्ये सतराव्या अध्यायात म्हटलं आहे. खवळला! पण तिथल्या अरीयपग सभेपुढे उभा राहिला तेव्हा त्याने सुरुवात कशी केली? तुम्ही फार धर्मभीरू आहात असं मला दिसतं, म्हणाला. त्यांच्या अज्ञात देवाच्या वेदीपासून बोलायला लागला, त्यांच्याच कवींच्या ओळी घेतल्या, आणि शेवटी पश्चात्ताप व पुनरुत्थान यांवर आला. काहीही गाळलं नाही. आत जळत होतं, पण तोंडून निघालं ते ऐकणाऱ्याला पेलेल असं.

इथे कोणी म्हणेल, कुप्र बेटावर अलीम नावाच्या जादूगाराला पौलाने "सैतानाच्या लेका" म्हटलं, तो तर बाहेरचा होता. बरोबर आहे. पण का म्हटलं ते वाचा. तिथला सुभेदार देवाचं वचन ऐकू इच्छित होता आणि हा माणूस त्याला वळवून दूर न्यायला पाहत होता. पौलाचा अपमान झाला म्हणून ते शब्द निघाले नाहीत. दुसऱ्याच्या वाटेत कोणी आडवा पडला होता, म्हणून निघाले.

म्हणून आत कोण आणि बाहेर कोण यासोबत मी नेहमी आणखी एक गोष्ट विचारतो: घाव कोणाला बसतोय? मला, की माझ्यापेक्षा दुबळ्या कोणाला?

पौलाची दोन पत्रं शेजारी ठेवा. फिलिप्पैकरांना तो तुरुंगातून लिहितो. काही लोक हेव्याने, त्याच्या बंधनांत भर घालायला म्हणून ख्रिस्ताची घोषणा करत होते. त्रास त्यालाच होता. तो म्हणतो, असो, कसंही करून ख्रिस्ताची घोषणा होते ना, यात मला आनंद आहे. आणि गलतीकरांना? तिथे तर त्याला कोणी शिवी दिली नव्हती. पण नव्या विश्वासणाऱ्यांवर सुंतेचं जू लादलं जात होतं, कृपेचं शुभवर्तमानच बदललं जात होतं. तिथे त्याने असे शब्द वापरले आहेत की आजही काही जण ते सभेत वाचायला कचरतात. स्वर्गातल्या दूताने जरी वेगळं शुभवर्तमान सांगितलं तरी तो शापभ्रष्ट असो! माणूस एकच. स्वतःवर आलं ते सोसलं, लेकरांवर आलं तेव्हा उभा राहिला. त्याच पत्रात तो त्यांना "माझ्या मुलांनो" म्हणतो, तुमच्यासाठी मला पुन्हा प्रसूतिवेदना होत आहेत म्हणतो.

मोशेकडे तर हे याहून स्पष्ट दिसतं, आणि त्याच्याकडे जरा थांबून पाहायला हवं. गणना या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात सख्खी भावंडं, मिर्याम आणि अहरोन, त्याच्याविरुद्ध बोलतात. त्याच्या बायकोवरून बोलतात, त्याच्या अधिकारावरून बोलतात. मोशे एक शब्द उच्चारत नाही. तो भूतलावरच्या सगळ्या माणसांपेक्षा नम्र होता, असं शास्त्र नेमकं इथेच नोंदवतं. उत्तर देव देतो, आणि मिर्यामेला कोड फुटल्यावर हाच मोशे तिच्यासाठी आरोळी मारतो, देवा, तिला बरं कर. आता निर्गम बत्तीस. सोन्याचं वासरू, त्याच्याभोवती नाच. तिथे हाच नम्र मोशे पाट्या फोडतो, वासरू जाळून त्याचा चुरा करतो, अहरोनाला तोंडावर जाब विचारतो. आणि दुसऱ्या दिवशी डोंगरावर जाऊन म्हणतो, यांना क्षमा कर, नाहीतर तुझ्या पुस्तकातून मलाच पुसून टाक. रागावलेला माणूस ज्यांच्यावर रागावला त्यांच्यासाठी स्वतःचं नाव पणाला लावतो.

तिसरा प्रसंग गणनेच्या विसाव्या अध्यायातला. कादेशला पाणी नाही. लोक कुरकुर करतात, बोलू नये ते बोलतात, पण तहान खरी आहे. देव सांगतो, खडकाशी बोल. मोशे ओरडतो, "बंडखोरांनो, ऐका!" आणि काठीने दोनदा खडकावर मारतो. पाणी आलं. भरपूर आलं, माणसं प्यायली, जनावरं प्यायली. तरी देवाने त्याला वचनदत्त देशात जाऊ दिलं नाही. पाणी आलं म्हणून पद्धत बरोबर ठरली नाही. "मी कडक बोललो म्हणून तर सुधारला" असं सांगणारे पुढारी मला भेटतात, त्यांना मी हा अध्याय वाचायला देतो. तहानलेल्याला बंडखोर म्हणण्याचा अधिकार मोशेलासुद्धा नव्हता.

समोरचा कोण आहे हे ओळखण्यासाठी थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्रातलं 5:14 हे वचन मला सगळ्यात उपयोगी पडतं. अव्यवस्थितपणे वागणाऱ्यांची कानउघाडणी करा, अल्पधीराच्या लोकांना धीर द्या, अशक्तांना आधार द्या, सर्वांशी सहनशीलतेने वागा. एकाच मंडळीत, एकाच रविवारी, ही तिन्ही प्रकारची माणसं एकाच बाकावर बसलेली असतात. ज्याला धीर हवा त्याची कानउघाडणी केली तर तो मोडतो. ज्याची कानउघाडणी हवी त्याला धीर दिला तर तो निर्ढावतो.

एका प्रार्थनासभेतली गोष्ट सांगतो. आईला नुकतंच मूठमाती देऊन आलेला एक तरुण साक्षीच्या वेळी उभा राहिला आणि म्हणाला, "माझी प्रार्थना कोणी ऐकतं असं मला आता वाटत नाही." खोलीत शांतता. एका जुन्या विश्वासणाऱ्याने लगेच बायबल उघडलं आणि याकोबाच्या पत्रातलं संशयी माणसाबद्दलचं वचन मोठ्याने वाचलं, समुद्राच्या लाटेसारखा हेलकावणारा, त्याला प्रभूपासून काही मिळणार नाही. वचन खरं होतं. पण त्या मुलाने गीतपुस्तक मिटलं, समोरच्या खुर्चीखाली नीट सरकवलं आणि चप्पल घालून निघून गेला. यहूदाच्या पत्रात अगदी साध्या शब्दांत सांगितलं आहे की जे संशयात आहेत त्यांच्यावर दया करा. पुनरुत्थानावर संशय घेणाऱ्या थोमाला प्रभूने जखमा दाखवल्या. बाप्तिस्मा करणारा योहान तुरुंगातून "येणारा तो तूच का?" असं विचारतो, तेव्हा प्रभू त्याला रागावत नाही, आंधळे पाहतात, पांगळे चालतात, हे जाऊन सांगा म्हणतो, आणि पाठीमागे लोकांसमोर योहानाची थोरवी गातो. संशय घेऊन सभेत येणारा माणूस अजून आलेला असतो. त्याच्याशी कठोर होण्याचं कारण मला शास्त्रात सापडलेलं नाही.

आता तुमच्या शिक्षकांकडे येतो. इथे सौम्यतेने घ्या म्हणणाऱ्यांना मी एली याजकाची आठवण करून देईन. त्याचे मुलगे हफनी आणि फिनहास अर्पणाचं मांस दांडगाईने हिसकावून घेत, दर्शनमंडपाच्या दाराशी सेवा करणाऱ्या स्त्रियांशी कुकर्म करत. एलीने त्यांना समजावलं नाही असं नाही. समजावलं. माझ्या मुलांनो, असं करू नका, बरं ऐकायला येत नाही, असं म्हणाला. आणि त्यांना त्या जागेवर राहू दिलं. देवाने शमुवेलाला सांगितलं की मुलगे आपल्यावर शाप ओढवून घेत आहेत हे ठाऊक असून याने त्यांना आवरलं नाही. एलीचा आवाज सौम्य होता, आणि त्या सौम्यतेची किंमत एलीच्या आधी त्या स्त्रियांनी दिली. मंडळीत कोणी सौम्यतेचा आग्रह धरला की मी विचारतो, याची किंमत कोण भरतंय? तुमच्या मंडळीत ती आजारी माणसं भरत आहेत.

"देवाच्या अभिषिक्ताला हात लावू नका" हे दाविदाच्या तोंडी राजा शौलाबद्दल येतं. एन-गेदीच्या गुहेत शौल हाती सापडला असताना दाविदाने त्याला मारलं नाही. बरोबर. पण गुहेतून बाहेर येऊन त्याने काय केलं? मोठ्याने हाक मारली, झग्याचा कापलेला काठ दाखवला आणि शौलाच्या तीन हजार निवडक माणसांच्या देखत विचारलं की मी निरपराध असताना तू माझा जीव घ्यायला का पाहतोस? हात लावला नाही, पण तोंडही बंद ठेवलं नाही. उपदेशकाची चौकशी टाळण्यासाठी हे वचन वापरणं मला फार खटकतं. तीमथ्याच्या पहिल्या पत्रात पाचव्या अध्यायात वडिलांविरुद्ध, म्हणजे मंडळीच्या पुढाऱ्यांविरुद्ध, आरोप कसा ऐकायचा ते दिलंच आहे: दोघा-तिघा साक्षीदारांशिवाय घ्यायचा नाही, आणि पाप करत राहिले तर सर्वांसमोर दोष दाखवायचा. म्हणजे पुढाऱ्याला खोट्या आरोपापासून संरक्षण आहे, खऱ्या आरोपापासून नाही.

अंत्युखियात पौलाने केफाला, म्हणजे पेत्राला, सर्वांसमोर तोंडावर विरोध केला. का सर्वांसमोर? पेत्र उघडपणे परराष्ट्रीयांच्या पंगतीतून उठला होता, त्याचं पाहून बाकीचे यहूदी उठले, पौलाचा सोबती बर्णबासुद्धा ओढला गेला. चूक चारचौघांत झाली, नुकसान चारचौघांचं झालं, दुरुस्तीही चारचौघांत झाली. पण सगळ्याच चुका तशा नसतात. अपुल्लोस सभास्थानात उत्साहाने शिकवत होता, त्याचं ज्ञान मात्र अपुरं होतं. प्रिस्किल्ला आणि अक्विल्ला यांनी त्याला जवळ घेतलं आणि देवाचा मार्ग अधिक नीट समजावून सांगितला. तो शिकला.

तुमचे शिक्षक अपुल्लोस आहेत की आणखी कोणी, हे एका भेटीत कळेल. एकट्याने जाऊ नका, आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर तर मुळीच लिहू नका. मंडळीच्या वडिलांपैकी एकाला सोबत घ्या. जाण्याआधी नेमकं लिहून काढा: कोणाला, कधी, कोणत्या शब्दांत सांगितलं. ऐकीव गोष्ट असेल तर आधी त्या आजारी व्यक्तीला भेटा. आणि हे सगळं होईपर्यंत थांबू नका. ज्यांनी औषध बंद केलं आहे त्यांनी आजच डॉक्टरांना गाठावं एवढं त्यांना सांगा. कोणी इन्सुलिन बंद केलं असेल तर हे दिवसांवर ढकलण्यासारखं काम नाही.

अशाच एका बैठकीत मी होतो. आम्ही दोघं आणि ते शिक्षक. मी विचारलं, "त्या बाईंना इन्सुलिन बंद करा असं तुम्ही म्हणालात का?" त्यांनी यशया त्रेपन्न काढला, त्याच्या फटक्यांनी आपल्याला आरोग्य मिळालं आहे, आणि त्यावर बराच वेळ बोलले. आम्ही ऐकून घेतलं. मग माझ्यासोबतच्या वडिलांनी तोच प्रश्न त्याच शब्दांत पुन्हा विचारला. ते पुन्हा वचनाकडे वळले. तेवढ्यात त्यांच्या पत्नी चहाचा ट्रे घेऊन आल्या, ट्रे टेबलावर ठेवला आणि उभ्या राहूनच म्हणाल्या, "म्हणाले होते. मी तिथेच होते." त्यानंतर शिक्षकांनी वचनं काढली नाहीत. आवाज कोणाचाच चढला नव्हता, पण त्या संध्याकाळी ठरलं ते कठोर होतं: शिकवणं थांबेल, ज्या ज्या घरी सांगितलं त्या त्या घरी वडिलांसोबत जाऊन ते शब्द मागे घ्यायचे, आणि मंडळीलाही ते कळवलं जाईल. आवाज आणि निर्णय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मंडळीतल्या वडिलांना मी पुन्हा पुन्हा सांगतो. खालच्या आवाजात ठाम राहता येतं, आणि आरडाओरडा करून काहीच न ठरवणारेही खूप असतात.

वचनावर बोलायची वेळ आलीच तर तयारीने जा. हिज्कीया राजाच्या गळवावर यशयाने अंजिरांची ढेप बांधायला लावली, आणि देवाचं अभिवचन तर आधीच मिळालं होतं. पौलाने तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं. आजारी असलेल्या त्रफिम नावाच्या सोबत्याला त्याने मिलेतात मागे ठेवलं, आणि त्याच्या सोबत्यांपैकी लूक वैद्य होता. ज्या पौलाच्या अंगावरचे रुमाल नेऊन रोगी बरे होत, त्याने कोणाला औषध सोडायला सांगितल्याचं कुठेही नाही. एकदा, दोनदा बोध करूनही ऐकलं नाही तर तीताच्या पत्रातली आज्ञा स्पष्ट आहे: अशा माणसापासून दूर राहा. मंडळीच्या व्यासपीठावर त्याला जागा द्यायची नाही.

गालाबद्दल विचारलंत, तर एक गोष्ट इथेच बोलली पाहिजे. घरात मार खाणाऱ्या स्त्रीला दुसरा गाल पुढे करायला सांगणारे पाळक आहेत. हे त्या वचनाचं भयंकर विपर्यस्त रूप आहे. आपल्यावर झालेल्या अपमानाचा सूड घेऊ नका, असं प्रभू शिष्याला सांगतो. दुसऱ्याच्या गालाबद्दल औदार्य दाखवायचा अधिकार तो कोणाला देत नाही. खुद्द प्रभूला महायाजकापुढे चपराक बसली तेव्हा त्याने विचारलं, मी वाईट बोललो असेन तर सिद्ध कर, बरोबर बोललो असेन तर मला का मारतोस? परत मारलं नाही, पण अन्यायाला अन्याय म्हटलं. दावीद शौलाच्या भाल्यापुढून पळाला. पौल दिमिष्काच्या भिंतीवरून टोपलीत बसून निसटला, आणि फिलिप्पैत चौकशीविना फटके मारल्यावर रोमी नागरिक म्हणून अधिकाऱ्यांना स्वतः यायला लावलं. अशी स्त्री आली तर आधी ती आणि मुलं सुरक्षित आहेत का ते पाहायचं, नवऱ्याला समोर बसवून समेटाची बैठक लावायची नाही, आणि पोलिसांकडे जाण्यात तिच्यासोबत उभं राहायचं. दुष्कर्म करणाऱ्याला आवरण्यासाठी देवाने अधिकारी नेमले आहेत, असं रोमकरांच्या तेराव्या अध्यायात आहे. गुन्हा हा गुन्हाच असतो, मंडळीतला असला तरी.

कठोरपणाला हद्द आहे, आणि ती मी ठळक आखतो. मोशेच्या वासराच्या प्रसंगात त्या दिवशी तलवारही चालली, हे मी लपवत नाही. पण इस्राएल तेव्हा एक राष्ट्र होतं, त्याच्याकडे न्यायदंड होता. मंडळीच्या हाती प्रभूने तलवार दिलेली नाही. गेथशेमानेत पेत्राने काढली ती म्यानात घालायला लावली आणि कापलेला कान बरा केला. शोमरोनी गावाने जागा दिली नाही म्हणून याकोब आणि योहान आकाशातून अग्नी मागायला निघाले, तेव्हा प्रभूने गावाला नाही, त्या दोघांना धमकावलं. मंडळीकडे शब्द आहे, शिस्त आहे, सहभागितेतून दूर ठेवणं आहे. याच्यापुढे ती गेली की थोर माणसंही घसरली. उत्तर आफ्रिकेतले बिशप ऑगस्टीन यांनी आधी दोनातिस्त या मुख्य मंडळीपासून फुटलेल्या पंथीयांवर बळजबरी करायला विरोध केला होता. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांचं मत बदललं आणि "आत येण्यास आग्रह कर" हे मेजवानीच्या दाखल्यातलं वाक्य त्यांनी सरकारी बळाच्या बाजूने वापरलं. पुढे शतकानुशतकं छळ करणाऱ्यांनी त्यांचाच आधार घेतला. मार्टिन लूथर 1522 मध्ये विटेनबर्गला परतले, तेव्हा शहरात सुधारणेच्या नावाखाली धुमश्चक्री चालली होती. त्यांनी आठ दिवस उपदेश केला, दुबळ्यांना सांभाळा, जबरदस्ती करू नका म्हणाले, आणि शहर शांत झालं. तेच लूथर 1525 च्या शेतकऱ्यांच्या उठावात बंडखोरांना ठार मारायला सांगणारं लिहून बसले.

आणि 390 सालचा मिलानचा बिशप अँब्रोज पाहा. सम्राट थिओडोसियसच्या हुकुमाने थेस्सलनीकेत नागरिकांची कत्तल झाली. अँब्रोजने सम्राटाला स्वतःच्या हाताने खासगी पत्र लिहिलं, दाविदाची आठवण दिली, पश्चात्ताप केल्याशिवाय तुम्ही हजर असताना मी प्रभुभोजनाचा विधी करू शकत नाही असं कळवलं. सम्राटाने जाहीर प्रायश्चित्त घेतलं आणि अँब्रोजने त्याला परत सहभागितेत घेतलं. जगातल्या सगळ्यात ताकदवान माणसापुढे वाकला नाही, आणि त्याची बेअब्रू करण्याची घाईही केली नाही. नाथान संदेष्ट्याने दावीद राजाशी असंच केलं होतं.

मंदिरातल्या प्रसंगाबद्दल एक बारकावा सांगतो. मार्क अकरा, वचन अकरा. प्रभू यरुशलेमात येतो, मंदिरात जातो, सभोवार सगळं पाहतो, आणि संध्याकाळ झाली म्हणून बारा जणांसह बेथानीला निघून जातो. चौरंग उलथले ते दुसऱ्या दिवशी. एक रात्र मध्ये गेली. राग आवरेना म्हणून ते घडलं नाही. सर्व राष्ट्रांच्या प्रार्थनेची जागा बाजाराने व्यापली होती, कबुतरं घ्यायला येणारे तर गरीबच, कारण ज्यांना कोकरू परवडत नव्हतं त्यांच्यासाठी नियमशास्त्राने कबुतरांची सोय केली होती. ती रात्र तुम्हीही मध्ये घाला. आजाऱ्याला सावध करायला रात्रभर थांबू नका, ते आजच करा. पण शिक्षकांशी बोलण्याआधी झोपा, प्रार्थना करा, आणि स्वतःला विचारा की हे माझ्या मनासारखं झालं नाही म्हणून टोचतंय का. त्यांनी खरोखर पश्चात्ताप केला तर मला आनंद होईल का, की मी हरल्यासारखं वाटेल? हरल्यासारखं वाटणार असेल तर दुसऱ्या कोणाला पाठवा.

शिक्षा झाल्यावर ती कुठे थांबवायची हेही आधी ठरवून ठेवा. करिंथमधल्या एका माणसाला बहुतेकांनी शिक्षा केली, आणि पौल दुसऱ्या पत्रात लिहितो, एवढी पुरे, आता क्षमा करा, सांत्वन करा, नाहीतर तो दुःखसागरात बुडून जाईल. मंडळ्यांना शिस्त लावणं जमतं, उठवणं जमत नाही, असं मी अनेकदा पाहिलं आहे.

राहिला तुमचा भाऊ. त्याच्याशी चढ्या आवाजात बोलणं आजपासून थांबवा. शिमी नावाचा माणूस दाविदाला धोंडे मारत शिव्या देत चालला होता आणि दाविदाचा माणूस अबीशय त्याचं डोकं उडवायला निघाला, तेव्हा दावीद म्हणाला, शिव्या देऊ द्या. विश्वासाची थट्टा झाली तर देवाचं काही बिघडत नाही. जो तुम्हांला आशेबद्दल विचारतो त्याला सौम्यतेने आणि आदराने उत्तर द्या, असं पेत्र सांगतो, आणि त्याची वाचक मंडळी छळ सोसणारी होती. नीतिसूत्रांच्या सव्विसाव्या अध्यायात मूर्खाला त्याच्या मूर्खपणाप्रमाणे उत्तर देऊ नको आणि दे, अशी दोन्ही वचनं लागोपाठ आहेत, म्हणजे प्रत्येक वेळी पारखावं लागतं. जेवताना सगळ्यांसमोर त्याने टोमणा मारला तर गप्प राहा. एकटा सापडला की विचारा, तुला नेमका कशाचा राग येतो? आणि मग मध्ये न बोलता ऐका.

बहुधा त्याला तुमच्या मंडळीतलं बरंच काही माहीत असेल. घरातले लोक सगळं पाहत असतात. औषधं बंद करायला लावणाऱ्या माणसाला तुम्ही मान देता आणि प्रश्न विचारणाऱ्या भावाला झापता, हे त्याला दिसत असेल. म्हणून आधी शिक्षकांकडे जा, मग भावाकडे. त्याने विचारलंच की त्या शिक्षकांचं तुम्ही काय केलंत, तर काय केलं आणि काय अजून करायचं बाकी आहे, दोन्ही त्याला सांगा.